विज्ञान महोत्सवाला कोण येतं, कोण येत नाही

राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "आमच्या शाळेने गेल्या वर्षी विज्ञान दिनाला दोन दिवसांचा महोत्सव भरवला. गर्दी चांगली झाली, पाहुण्यांनी कौतुक केलं. पण आवराआवर करताना लक्षात आलं, की आलेले बहुतेक चेहरे ओळखीचेच होते. असे महोत्सव खरंच सगळ्या थरांतल्या लोकांपर्यंत पोचतात का? कोकणात पोचायचं तर काय करावं?"

सरळ सांगतो. आपण ज्या पद्धतीने हे महोत्सव भरवतो, त्या पद्धतीने ते सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. मी बावीस वर्षं एक दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत हिंडतो आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मीही तुमच्यासारखेच महोत्सव भरवले आणि गर्दी बघून समाधान मानलं. तुमच्या मनात पहिल्याच वर्षी आलेला प्रश्न माझ्या मनात यायला इतका काळ गेला, म्हणून त्याचं मला फार मोल वाटतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. एडिंबरात १९८९ पासून शहरभर विज्ञान महोत्सव भरतो, आणि जगात पुढे निघालेल्या कितीतरी महोत्सवांनी तो डोळ्यांसमोर ठेवला. ब्रिटनमधल्या अशा महोत्सवांना कोण येतं याचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. येणारे लोक इतरांच्या मानाने जास्त शिकलेले, बऱ्या परिस्थितीतले आणि विज्ञानाची गोडी आधीपासूनच असलेले निघाले. म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच पुन्हा वाढलं जातं. तिथे रस्ते, बस, पैसा, संग्रहालयं सगळं असून ही गत, तर आपल्याकडे वेगळं काही आपोआप होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

लंडनच्या संशोधकांनी यासाठी 'विज्ञान-भांडवल' अशी एक कल्पना मांडली आहे. मुलाला किती मार्क पडतात एवढ्यावर ते ठरत नाही. घरात कोणी विज्ञान शिकलंय का, जेवताना अशा गोष्टी निघतात का, नात्यात कोणी डॉक्टर, इंजिनिअर, प्रयोगशाळेत काम करणारं आहे का, आणि मुख्य म्हणजे "हे आपल्यासारख्यांसाठी आहे" असं मनातून वाटतं का, हे सगळं त्यात येतं. मला ही कल्पना पटते, पण कोकणात तिला एक जोड द्यावी लागते. खारवीवाड्यातल्या पोराकडे वारा, पाणी, मासळी यांचं जेवढं ज्ञान असतं तेवढं माझ्याकडे एमएस्सी झाल्यावरही नव्हतं. फक्त त्याला आजवर कोणी विज्ञान म्हटलेलं नसतं. शाळेच्या पटांगणातल्या मंडपात शिरताना ते ज्ञान तो चपलांसारखं बाहेर काढून ठेवतो.

आता तारीख बघा, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा 'रामन परिणाम' शोधला आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. दिवस मानाचा आहे, साजरा करावाच. पण त्या आठवड्यात कोकणात काय चाललेलं असतं? दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. आंब्याच्या बागांत फवारण्या आणि राखण. काजू पडायला लागलेला. बोटी समुद्रात. सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम, आंगणेवाडीची जत्रा बहुतेक याच सुमारास. चाकरमानी मुंबईला. आणि कातकरी कुटुंबं दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघून गेलेली, ती पावसाच्या तोंडावर परतणार. म्हणजे ज्यांच्यापर्यंत पोचायचं, त्यातलं जवळजवळ कोणीच त्या दिवशी मोकळं नसतं. मग मंडपात उरतात आठवी-नववीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि बाजारपेठेतली शिकलेली मंडळी. हे तेच चेहरे.

मी आता मोठा कार्यक्रम जून-जुलैत घेतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, तांडेल-खलाशी जाळी दुरुस्त करत पडवीत बसलेले असतात. पाऊस असतो, मंडप घालता येत नाही, वीज जाते, हे सगळं खरं. पण माणसं असतात. पडवीत दहा माणसांसमोर जाळं बाजूला सरकवून सूक्ष्मदर्शक ठेवला, तर ती दहा माणसं दोन तास हलत नाहीत. दुसरा चांगला काळ गणपतीचा. आरती झाल्यावर आणि भजनाची मंडळी येण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं मोकळी मिळतात, आणि तेव्हा आजीपासून मुंबईच्या नातवापर्यंत सगळे एका खोलीत असतात. शिमग्यात मात्र पालखीच्या दिवशी मध्ये शिरू नका. लोकांचा दिवस लोकांना असू द्यावा.

जागेचंही तसंच. शाळेचं पटांगण आपल्याला सगळ्यांचं वाटतं, पण चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ती परीक्षेची जागा वाटते. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पण तिथे गावातली काही घरं पिढ्यान्‌पिढ्या पायरीशी थांबलेली आहेत, आणि मोहल्ल्यातली माणसं तर आत येणारच नाहीत. हे बोलायला अवघड वाटतं, म्हणून आयोजक बोलत नाहीत, आणि मग "आम्ही सगळ्यांना बोलावलं होतं" म्हणतात. एसटी स्टँड, आठवडा बाजार, जेटी, रेशन दुकानासमोरचं अंगण, दवाखान्याचा व्हरांडा या जागा कोणा एकाच्या नसतात. मला तिथेच सगळे भेटले.

एसटीचं वेळापत्रक तर महोत्सवाच्या पत्रिकेआधी हातात घ्या. एका तालुक्याच्या ठिकाणी आम्ही आकाशदर्शन संध्याकाळी सातला ठेवलं होतं. चार वाड्यांच्या बाया दुपारीच येऊन बसल्या होत्या, मुलांना दुर्बिणीतून गुरू बघायचा म्हणून. साडेपाचला शेवटची गाडी होती. सव्वापाचला त्या उठल्या, मुलांचे हात धरले आणि निघाल्या. एक मुलगा वळून वळून दुर्बिणीकडे बघत होता. ती दुर्बीण अजून खोक्यातच होती. ही चूक पूर्णपणे आमची. तेव्हापासून मी आकाशदर्शनाला लोकांना बोलावत नाही. वस्तीच्या गाडीने मीच शेवटच्या वाडीत जातो, रात्री तिथे राहतो, सकाळच्या पहिल्या गाडीने परततो.

खरं म्हणजे ही चाल नवी नाही. १९८७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारत जन विज्ञान जथा निघाला होता. देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाच जथे पथनाट्यं, गाणी, पोस्टर घेऊन गावोगाव फिरत भोपाळला पोचले. तीन वर्षांपूर्वीच्या वायुकांडामुळे भोपाळ निवडणं साहजिक होतं. त्याआधी १९६५ पासून कोलकात्याच्या संग्रहालयाने फिरती प्रदर्शनं सुरू केली होती, आणि पुढे विज्ञानाच्या बसगाड्या देशभर जाऊ लागल्या. लोकांकडे जाण्याची ही परंपरा आपल्या घरची आहे. मधल्या काळात आपण स्टेज, कमान, शाल-श्रीफळ आणि उद्घाटनाच्या मागे लागलो. दोन तास भाषणं, पोरं उन्हात. पैसा आणि वेळ दोन्ही तिथे वाचवा, हा माझा आग्रह आहे.

आता लोक कशाने थांबतात ते एका प्रसंगातून सांगतो.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. एका वर्षी मी तिथे उलट्या क्रेटवर सूक्ष्मदर्शक मांडून बसलो होतो. तासभर कोणी फिरकलं नाही. शेजारी एक मावशी ढोमा साफ करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, डोकं टाकू नका, मला द्या." त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं, मग कोयत्याने डोकं चिरून आतले दोन पांढरे खडे बोटाने काढून माझ्या हातावर ठेवले. "हेच हवंत ना? हे तर आमी रोज टाकतो." ढोमा, घोळ या जातीच्या माशांच्या डोक्यात हे खडे चांगले मोठे असतात. खाणाऱ्या प्रत्येकाच्या दाताखाली ते कधी ना कधी आलेले असतात. मी एक खडा बारीक पॉलिश पेपरवर घासत बसलो, दहा मिनिटं, पातळ होईपर्यंत. तेलाचा थेंब टाकला, खालून दिवा लावला आणि मावशींना म्हटलं, बघा. त्यांनी पदराला हात पुसले, एक डोळा मिटला, भिंगाला लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कांदा चिरल्यावानी दिसतंय की."

हा माशाच्या कानातला खडा. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्याचा उपयोग. मासा जगतो तसा त्यावर चुन्याचा थर वर थर चढत जातो. थंड समुद्रातल्या माशांत उन्हाळ्या-हिवाळ्याचे थर ठळक वेगळे दिसतात, आणि ते मोजून वय काढता येतं. आपल्या उबदार पाण्यात ही कडी फिकट असतात, वाचायला अवघड. पण लहान माशात दिवसागणिक पडलेले थर जोरकस सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. कोणता मासा किती वयात अंड्यावर येतो, किती लहान मासा पकडू नये, हे ठरवताना अशा मोजणीची मदत होते.

एवढं मी सांगितलं, आणि मग बोलायचं काम मावशींनी घेतलं. यंदा बारीक ढोमा किती येतो, पूर्वी केवढा यायचा, कोणाच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळीची भोकं, किती बारीक, बारीक मासळी सुकवायला कशी जाते. आवाज चढला तसे लोक जमले. खलाशी, टोपल्या घेऊन उभ्या बाया, बर्फाच्या गाडीवरचा मुलगा, लिलाव पुकारणारा माणूस. आसावरून दोन गटांत खडाजंगी झाली. मध्ये मध्ये एकेक जण येऊन भिंगाला डोळा लावून जात होता. त्या दोन तासांत मी फार तर पंधरा मिनिटं बोललो असेन. माझ्या बावीस वर्षांतला सगळ्यात मिश्र प्रेक्षक मला त्या संध्याकाळी मिळाला, आणि तो एका मासळी विकणाऱ्या बाईने जमवला होता.

तेव्हापासून मी विषय शोधताना आधी विचारतो, की इथल्या माणसाला यातलं माझ्यापेक्षा जास्त काय माहीत आहे. मालवणकडे एकदा भरती-ओहोटीचं सुंदर पोस्टर घेऊन गेलो होतो: चंद्र, पृथ्वी, पाण्याचे दोन फुगवटे. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "एकादशीक भरती कितीक वाजता?" मी मोबाइल काढला. ते म्हणाले, "तां ठेव. अकराची पाऊणपट. सव्वाआठ." तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ. बंदरागणिक थोडं पुढेमागे.

रात्री मी कागद घेऊन बसलो. एका तिथीत चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी बदलतं. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकायला हवी, आणि आजोबांची पाऊणपट ४५ मिनिटं देते. तीन मिनिटांचा फरक. पौर्णिमेपर्यंत तो साचून पाऊण तास होतो, आणि पंधरा तिथींत ४८ मिनिटांप्रमाणे बरोबर बारा तास भरतात, म्हणून कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजता येतं. दिवसाला दोन भरत्या असल्यामुळे ही मोजणी दोन्ही पक्षांत चालते. पुढच्या वर्षी त्याच वाडीत फळ्यापुढे ते आजोबा उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी ४५ आणि ४८ चा हिशेब मांडत होतो. त्यांच्या वाडीतल्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा आल्या. त्यांच्या घरचा माणूस बोलणार होता ना.

बायकांचं आणखी एक निरीक्षण सांगायलाच हवं. आलेल्या बायकांना आपण प्रेक्षक म्हणून मोजतो, पण नीट बघा. आई मुलाला घेऊन येते, त्याच्या चपला आणि पिशवी हातात धरते, आणि मागे उभी राहते. मूल चुंबक हाताळतं, बाप प्रश्न विचारतो, आई पिशवी सांभाळते. आता आमच्या प्रत्येक टेबलाशी पिशव्या टांगायला खुंट्या असतात आणि दुसरं भिंग थेट आईच्या हातात दिलं जातं. एवढ्याशा गोष्टीने फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्या विषयात माणसाचा जीव गुंतलेला असतो, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही. विंचू-सापाचं सत्र ठेवलं, की शेतमजूर, कातकरी, धनगर सगळे येतात. तिथे मी डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामाबद्दल सांगतो. महाड भागात लाल विंचवाच्या दंशाने मुलं जात होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं, मृत्यू खूप घटले, आणि ते संशोधन १९८० च्या दशकात परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं. हे संशोधन कोकणातल्या साध्या दवाखान्यात झालं आहे हे कळल्यावर लोक पुढे सरकून बसतात. दोडामार्गात २०१६ ला गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हा काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना गोचिडीची माहिती हवी होती. त्यांना रामन परिणाम तेव्हा नको होता, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

भाषेबद्दल थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्यात उर्दू शाळा आहेत, आणि आमची पत्रकं कित्येक वर्षं फक्त मराठीत होती. शिवाय आम्ही एकदा मोहल्ल्याजवळचा कार्यक्रम शुक्रवारी दुपारी ठेवला. कोणी आलं नाही, आणि आम्ही म्हणालो, त्यांना रस नाही. नंतर तिथल्याच एका शिक्षिकेला आम्ही आयोजनात घेतलं, तेव्हा वेळ, भाषा, निमंत्रण सगळं तिनेच सरळ केलं. सिंधुदुर्गात लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापावर, दशावतार हे इथलं लोकनाट्य करून पाहिलं. पहिल्या वेळी मी पाच पानी संहिता दिली होती आणि प्रयोग पडला. दशावतारी नट लिहिलेलं पाठ करून बोलत नाहीत, त्यांचे संवाद रंगमंचावर जागीच सुचतात. दुसऱ्या वेळी मी कलाकारांना फक्त तीन गोष्टी नीट समजावल्या: उंदराचं मूत्र, शेतातलं साचलेलं पाणी, पायावरची जखम. बाकी संकासुर या विनोदी पात्रावर सोडलं. त्याने भाबडे प्रश्न विचारत विचारत सगळं लोकांकडूनच वदवून घेतलं.

गावाचा अभिमान हाही मोठा धागा आहे, पण तो सांभाळून धरावा लागतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या पट्ट्यात विजयदुर्ग होता. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि लॉकियर साहेबाने इथे उभं राहून हेलियम शोधला असं सांगितलं जातं. १८ ऑगस्टला तिथे लोक हौसेने जमतात. आता वस्तुस्थिती अशी, की नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकियरनी २० ऑक्टोबरला ग्रहण नसताना इंग्लंडमधून तो पाहिला. त्यातली साधारण ५८७.५ नॅनोमीटरची पिवळी रेषा कोणत्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो १८९५ साली रॅम्झींच्या हाती लागला.

हे पहिल्यांदा बोललो तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ दुखावले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. मात्र सांगायची रीत बदलली. सावली पश्चिमेकडून पूर्वेला सरकत होती, म्हणजे गुंटूरच्या आधी ती अरबी समुद्रावरून या किनाऱ्यावर उतरली. आता मी मुलांना एक काळी चादर देतो. विजयदुर्गाचा मुलगा आधी झाकला जातो, मग जमखंडी, विजापूर आणि शेवटी गुंटूर. ती पाहताना लोकांचा चेहरा पडत नाही. तेच गृहस्थ आता चादरीचं एक टोक धरतात.

कासव महोत्सवाबद्दल मला लोक हमखास विचारतात. मंडणगडमधल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू झालं, पुढे महोत्सव उभा राहिला, आणि गावातल्या घरांत पाहुण्यांची सोय होऊ लागली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. एकेकाळी जिथे अंडी उचलून नेली जायची, तिथलेच लोक आता वाळूच्या तापमानावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं, हे पाहुण्यांना समजावतात. ज्ञान सांगणारा गावचा आहे, ही त्यातली खरी कमाई. पण पाहुण्यांत मला भेटले ते बहुतेक पुण्या-मुंबईचे. शेजारच्या गावांतली मुलं तिथे कशी आणायची, हा प्रश्न उरतोच.

मग मोजायचं कसं? सह्यांची वही फसवी असते, कारण एका शाळेची मुलं एकगठ्ठा आली की तीनशे सह्या होतात. मी दुसरी वही ठेवतो. आजूबाजूच्या दहा किलोमीटरमधल्या सगळ्या वाड्या, मोहल्ले, पाडे एकाखाली एक लिहायचे. जाणाऱ्या माणसाला चारच गोष्टी विचारायच्या: कुठून आलात, कशाने आलात, सोबत कोण, असं काही आधी पाहिलंय का. शिक्षण, उत्पन्न विचारू नका, माणूस आक्रसतो. संध्याकाळी वहीत ज्या नावांपुढे काही नाही, तिथे पुढच्या आठवड्यात स्वतः जायचं. धनगरवाड्यावर एका बाईंनी मला सांगितलं, "आमाला कुनी बोलावलंच न्हाय." मी तपासलं. निमंत्रणं शाळेमार्फत मुलांच्या दप्तरातून गेली होती. त्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल नव्हतं.

त्या वहीत वर्षानुवर्षं मी एक ओळच लिहिली नव्हती. रत्नागिरी-राजापूरच्या आंब्याच्या बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं असतात. ती गावातच राहतात, पण कुठल्याच वाडीची नसतात. एकदा पावस गावाजवळ बागेच्या कडेला रात्री दुर्बीण लावली, तेव्हा दोन राखणदार कंदील घेऊन आले. गुरूचे चार चंद्र पाहून झाल्यावर त्यातला एक उत्तरेकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाला, "इथे ध्रुव फार खाली का आहे? आमच्या गावात तो वर असतो." ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. रत्नागिरीला १७ अंश, त्याच्या पश्चिम नेपाळच्या डोंगरात २९ च्या आसपास. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा तो माणूस डोळ्यांत घेऊन आला होता. माझ्यासोबतच्या कॉलेजच्या मुलांपैकी एकाच्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण ती कोणी इतकी दूर जाऊन राहिलीच नव्हती. बारा अंश म्हणजे पसरलेल्या हाताच्या एका मुठीहून थोडं जास्त. त्याने मूठ लावून दाखवलं, त्याच्या गावात ध्रुव कुठे दिसतो ते.

आता तुमच्या तालुक्याचं. राजापूरसारखा ऐवज फार थोड्या तालुक्यांकडे आहे. उन्हाळे गावात गरम पाण्याचे झरे आहेत. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून अचानक वाहू लागणारा झरा, अवतरली की तर सर्व थरांतले लोक स्वतःहून येतात. श्रद्धेला धक्का न लावता, मानकऱ्यांना विचारून, मुलांनी प्रत्येक कुंडाचं तापमान घ्यावं, बादली आणि घड्याळ लावून पाणी मोजावं, आणि रोजचे आकडे बाहेर एका फळ्यावर लिहावेत. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. देवाचे गोठणेला कातळावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते. ते पाहायला लहानथोर कोणीही थांबेल. एक काळजी घ्या. तुमच्या भागात सड्यावर मोजमापं घेणारी माणसं दिसली की लोक आधी विचारतात, कुठल्या प्रकल्पाचे? त्यांचं विचारणं रास्त आहे. पहिल्याच वाक्यात सांगा, की तुम्ही कोण, पैसे कोणी दिले, आणि ही मापं कुठे जाणार. ते सांगता येत नसेल, तर सड्यावर जाऊ नका.

२८ फेब्रुवारीला शाळेत छोटा कार्यक्रम ठेवा, मुलांचा. मोठा बेत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, साखरी नाटे गावाच्या जेटीजवळ. त्याआधी एप्रिलमध्ये तिथल्या चार-पाच जणांना भेटा, त्यात निम्म्या बाया असू द्या, आणि काय दाखवायचं हे त्यांनाच ठरवू द्या. माझा सूक्ष्मदर्शक त्या आठवड्यात मोकळा आहे. पॉलिश पेपर, काचपट्ट्या, बॅटरीचा दिवा मी आणतो. पण जूनमध्ये ताजी मासळी कमी, म्हणून ढोम्याचे खडे मे अखेरीसच मागून ठेवा. काढल्यावर गोड्या पाण्यात धुवायचे, सावलीत सुकवायचे, आणि कागदाच्या पुडीवर तारीख, बंदर आणि देणाऱ्या बाईंचं नाव लिहायचं.